‘पूर्ण मनाने’ म्हणजे नक्की किती?

गेल्या उपवासकाळात माझी भाची दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणी झालेला बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला जायला लागली. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी वचन पाठ करायला दिलं: तू आपला देव प्रभू ह्याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने व पूर्ण शक्तीने प्रीती कर. पाठ झालं पाच मिनिटांत. मग माझ्यासमोर बसून लसूण सोलता सोलता म्हणाली, “आत्तू, पूर्ण म्हणजे किती गं? प्रार्थनेला बसले की दुसऱ्या मिनिटाला मला फिजिक्सचं जर्नल आठवतं. मग माझं किती धरायचं? चाळीस टक्के?”

मला हसू आलं, पण उत्तर काही पटकन सुचेना. कारण रविवारी दानपिशवी माझ्या बाकापर्यंत येते तेव्हा मीही बऱ्याचदा घरी जाऊन मटणाचं वाटण करण्याच्या हिशेबात असते. आणि ख्रिस्ती नसलेले मित्र विचारतात ते वेगळंच: सगळं मन देवालाच देऊन टाकायचं, तर माणसांना काय उरतं? हे जरा कट्टरपणाचंच नाही का? ८ मे २०२५ ला पोप लिओ चौदावे निवडून आले, तेव्हा त्यांच्या बोधचिन्हावरचं बाणाने विंधलेलं हृदय पाहूनही एका मैत्रिणीने हाच विषय काढला होता. ते चिन्ह संत ऑगस्टीनच्या संघाचं आहे. ऑगस्टीनकडे पुढे येतेच.

आधी एवढंच सांगते की भाचीच्या प्रश्नातला ‘चाळीस टक्के’ हा शब्दच गफलत करतो. बायबलमधलं ‘पूर्ण’ हे टक्क्यांत मोजायचं पूर्ण नाही.

हे वाक्य मुळात कुणाचं?

येशूने ते सांगितलं, पण त्याने ते नव्याने रचलेलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री त्याला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? येशू उत्तर देतो ते प्रत्येक यहुदी मुलाला तोंडपाठ असलेलं. मोशेच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातलं. त्याची सुरुवात ‘हे इस्राएला, ऐक’ अशी होते आणि हिब्रूत ‘ऐक’ला ‘शेमा’ म्हणतात, म्हणून त्या प्रार्थनेचं नावच शेमा. धार्मिक यहुदी ती सकाळ-संध्याकाळ म्हणतात, दाराच्या चौकटीवर लिहून लावतात.

हे आपल्याला तसं परकं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर घाणा चालवणारे बेने इस्राएली यहुदी शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बाकीच्या यहुदी जगाशी त्यांचा संबंध तुटला, हिब्रू गेली, ग्रंथ गेले, बोली मराठी झाली. राहिलं काय? तर खतना, शनिवार, खवल्यांचे आणि पंखांचेच मासे खाणं, आणि शेमा. जन्म असो, लग्न असो, प्रसंग कुठलाही असो, तेच एक वाक्य. म्हणजे येशूने ज्या वाक्याला पहिली आज्ञा म्हटलं, ते अलिबागच्या आसपास तेल गाळणाऱ्या घरांतून शतकानुशतकं म्हटलं जात होतं.

मन, हृदय नव्हे

मूळ हिब्रू शब्द आहे ‘लेव’. त्याचा शब्दशः अर्थ हृदय. पण प्राचीन हिब्रू माणूस हृदयाने विचार करायचा, बेत आखायचा, निर्णय घ्यायचा. कळवळा त्याला पोटात, आतड्यांत जाणवे. आपणही ‘आतडं तुटतं’ म्हणतोच की. त्यामुळे ‘पूर्ण हृदयाने प्रीती’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो भरून आलेला गळा आणि मिटलेले डोळे येतात, ते मुळात तिथे नाहीत.

या बाबतीत मराठी नशीबवान आहे. आपल्याकडे ‘मन’ आहे. मन भरून येतं, तसंच ‘मनावर घेणं’ही असतं. पोराने अभ्यास मनावर घेतला म्हणजे त्याला अभ्यासाचं भरतं आलं असं कुणी समजत नाही. त्याने ठरवलं आणि तो लागला, एवढंच. शेमातलं ‘पूर्ण मनाने’ हे या ‘मनावर घेण्या’च्या जवळचं आहे. भाचीला जर्नल आठवतं ही चित्ताची चंचलता झाली. ती सगळ्यांना असते, आणि या आज्ञेचा मुख्य मुद्दा ती नाही.

मोशेच्या यादीत तीनच गोष्टी आहेत: मन, जीव, शक्ती. मार्कमध्ये चार, कारण तिथे ‘बुद्धी’ जास्तीची आली. ग्रीक वाचणाऱ्याला ‘हृदय’ या एका शब्दात विचार करणंही आलं हे सहज कळणार नाही, म्हणून ते वेगळं सांगितलं, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

‘शक्ती’ची गंमत आणखी वेगळी. तिथला हिब्रू शब्द ‘मओद’ म्हणजे निव्वळ ‘फार’. ‘फार चांगलं’मधला फार. देवावर प्रीती कर, तुझ्या सगळ्या ‘फार’ने! हे कोडं यहुदी गुरूंनी फार व्यवहारी पद्धतीने सोडवलं. फार म्हणजे तुझ्याकडे जे काही आहे ते, म्हणजेच मालमत्ता, पैसाअडका. त्याच गुरूंनी ‘मना’चाही अर्थ लावला: तुझ्यातल्या दोन्ही ओढींसकट, चांगल्या आणि वाईट. आधी वाईट ओढ मारून ये आणि मग प्रीती कर, असं ते म्हणाले नाहीत. हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

वजन खरं आणि वजन खोटं

आता मुख्य शब्द, ‘पूर्ण’. शेमामध्ये ‘सगळं’ अशा अर्थाचा साधा शब्द आहे, पण बायबलमध्ये राजांची मनं तोलायची वेळ येते तेव्हा वारंवार दुसरा शब्द येतो: ‘शालेम’. शालोम, म्हणजे शांती, क्षेमकुशल, हे त्याच धातूचं. शालेम आणखी कशाला म्हणतात ते पाहिलं की उलगडा होतो. वेदीसाठी लागणाऱ्या, छिन्नी न लागलेल्या अखंड दगडाला शालेम म्हणतात. आणि दुकानदाराच्या खऱ्या वजनालाही.

मोशेच्या नियमशास्त्रात एक अगदी बाजारातला नियम आहे: तुझ्या थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नकोस, एक मोठं आणि एक लहान. तुझं वजन शालेम असू दे. आमच्या आठवडे बाजारात माझ्या लहानपणी एक व्यापारी यायचा. त्याचा काटा एकच, पण पोत्याखाली लोखंडी वजनांचे दोन संच. शेतकऱ्याकडून शेंगा घेताना एक किलोचं जे वजन निघे, ते गिऱ्हाइकाला शेंगा देताना निघत नसे. एकदा वडिलांनी ते दुसरं वजन हातात घेऊन उलटं केलं. बुडाशी खळग्यात जे शिसं असतं, ज्याच्यावर सरकारी शिक्का मारतात, ते खरवडून काढलेलं होतं. वरून बघितलं तर वजन अगदी तसंच, ‘१ किलो’ अक्षरंही ठळक. खोट होती ती खाली.

दुभंगलेलं मन म्हणजे थैलीतली ही दोन वजनं. चर्चमध्ये एक काढायचं, दुकानात दुसरं. दुसऱ्याच्या पापाला जड, स्वतःच्या पापाला हलकं. आणि शालेम मन म्हणजे एकच वजन, सगळीकडे तेच. ते पाव किलोचं असलं तरी हरकत नाही, पण पाव किलो भरायला हवं.

पण मग दावीद कसा काय?

ही खरी अडचण. पहिल्या राजांच्या पुस्तकात लिहिलंय की म्हातारपणी शलमोन राजाचं मन देवाशी शालेम राहिलं नाही, जसं त्याचा बाप दावीद याचं होतं. दावीदचं? ज्याने दुसऱ्याची बायको आणवली आणि ती गरोदर राहिल्यावर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे उभा करून मारवलं त्याचं? आणि शलमोनाने तर मंदिर बांधलं होतं!

बायबल लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चारच अध्यायांनी पुढे, दावीद चांगला वागला म्हणताना ‘उरीया हित्तीचं प्रकरण सोडून’ असं स्पष्ट नोंदलंय. म्हणजे ‘पूर्ण मन’ याचा अर्थ ‘निष्कलंक चारित्र्य’ असा त्यांनी धरलेलाच नाही.

नाथान संदेष्ट्याची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. तो दावीदला सांगतो की एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक, मांडीवर वाढवलेली कोकरी नेऊन कापली. दावीद संतापतो: असा माणूस मरणालाच पात्र! हे झालं दुसऱ्यासाठीचं जड वजन. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. आता दावीदला थैलीत हात घालून हलकं वजन काढता आलं असतं. राजा होता, सबबी हव्या तेवढ्या होत्या, नाथानचं तोंड बंद करणंही अवघड नव्हतं. तो म्हणतो, मी पाप केलंय. श्रीमंताला ज्या वजनाने तोललं त्याच वजनाने स्वतःला तोलतो.

शलमोनाचं मन देवापासून फिरलं असं म्हटलंय, पण त्याने देवाची उपासना बंद केली असं नाही. तो मंदिरात वर्षातून तीनदा होम करत होता. त्याने यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर राण्यांच्या देवांसाठीही उच्चस्थानं, म्हणजे उंचावरची पूजास्थळं, बांधली, कारण राण्या म्हणजे शेजारच्या राज्यांशी केलेले तह होते. सोडलं काहीच नाही, जोडत गेला. आणि त्याचं हिब्रू नाव ‘श्लोमो’ हे ‘शालेम’च्याच धातूवरून आलेलं आहे. लिहिणाऱ्याला ही बोच कळली नसेल असं मला वाटत नाही.

सगळं देवाला, मग घरच्यांना काय?

मन म्हणजे भाकरी असती तर हा हिशेब बरोबर होता. चतकोर देवाला, चतकोर नवऱ्याला, उरलेली पोरांत. पण शास्त्र्याने एक आज्ञा विचारली आणि येशूने दोन सांगितल्या: देवावर प्रीती, आणि लगेच, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. दुसरी पहिलीच्या वाट्यातून येत नाही. पहिलीने ठरवलेल्या वजनानेच शेजाऱ्यालाही तोलायचं असतं.

लूकच्या चौदाव्या अध्यायातलं वाक्य मात्र अंगावर येतं: जो आईबापाचा, बायकोमुलांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. इथे बायबलमधली बोलण्याची एक रीत कळावी लागते. याकोबाच्या दोन बायकांपैकी राहेलवर त्याचं लेआपेक्षा जास्त प्रेम होतं असं उत्पत्तीत लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत लेआचा ‘द्वेष होत होता’ असा मूळ शब्द येतो. आपल्या कहाण्यांतल्या आवडत्या आणि नावडत्या राणीसारखंच हे. नावडतीचा राजा द्वेषच करतो असं नाही, ती दुसरी असते. मत्तयाने तेच वाक्य ‘माझ्यापेक्षा जास्त’ असं सोपं करून दिलंय. शिवाय, आईबापांना द्यायचे पैसे ‘हे देवाला वाहिलेत’ म्हणून अडवून ठेवणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटलं होतं, हे मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. देवाचं नाव पुढे करून म्हाताऱ्या आईचं औषध टाळणाऱ्यांनी तो अध्याय जरूर वाचावा.

हे कट्टरपणाकडे जात नाही का? लुबाडणुकीकडे?

जाऊ शकतं. जातंही. पुढे प्रेषित झालेला पौल दमास्कसला निघाला तेव्हा पूर्ण मनानेच येशूच्या अनुयायांना पकडायला चालला होता, आणि नंतर त्यानेच लिहिलं की आवेश असतो पण ज्ञानाला धरून नसतो. म्हणून ‘बुद्धीने’ हा शब्द फालतू नाही.

लुबाडणुकीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ते मी पाहिलंय. ‘पूर्ण समर्पण करा’ असं व्यासपीठावरून म्हणायचं आणि मग पाकिटं वाटायची. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशा एका सभेत हातातल्या दोन पाटल्या काढून दिल्या. त्या महिन्याचं घरभाडं नंतर त्यांच्या भावाने भरलं. तिथे वाचलेला उतारा नेहमीचाच होता, दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचा. तिने आपली सगळी उपजीविका टाकली.

तो उतारा मार्कच्या त्याच बाराव्या अध्यायात आहे जिथे पहिली आज्ञा आहे. आणि या दोघांच्या मध्ये काय आहे? येशू म्हणतो, शास्त्र्यांपासून सांभाळा, ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढच्या ओळीत ती विधवा येते. येशू तिच्या मनाची थोरवी सांगतो हे खरं, पण तिला त्या अवस्थेला कुणी आणलं तेही त्याने आत्ताच सांगितलेलं असतं. वरची ओळ न वाचता खालची वाचून दाखवणाऱ्याच्या हातात दानपिशवी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संसार सोडायलाच हवा का?

काहींनी सोडला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. पण लक्ष्मीबाईंचं पूर्ण मन काही कमी नव्हतं, आणि संसार बहुतेक त्यांनीच ओढला.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक लंगडा बंधू स्वयंपाकघरात होता. त्याला स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. तो म्हणे की तव्यावरचं ऑम्लेट मी देवाच्या प्रीतीखातर उलटतो, आणि भांड्यांच्या खडखडाटात मला देव तेवढाच जवळ असतो जेवढा गुडघे टेकल्यावर. प्रार्थनेला एक वजन आणि तव्याला दुसरं, असं त्याने ठेवलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. १८८३ मध्ये त्यांचा इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पुढे स्वतःच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी काही वर्षं जावी लागली. त्यांनी शारदा सदन काढलं, दुष्काळातून मुली केडगावला आणल्या, आणि एवढा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. का, तर शेतातल्या, चुलीपुढच्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं होतं. मुक्तिसदनातल्या बायका खिळे जुळवत आणि छपाई करत. ते काम हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ‘पूर्ण जिवाने’ या शब्दांचं भाषांतर करताना त्या क्षणभर थांबल्या असतील का, असं उगाच मनात येतं.

ठरवूनही जमत नाही, त्याचं काय?

आता ऑगस्टीन. मिलानमध्ये, ३८६ साली, हा बुद्धिमान प्राध्यापक जीवन बदलायचं ठरवून बसला होता आणि जमत नव्हतं. तरुणपणी तो प्रार्थना करायचा: प्रभू, मला संयम दे, पण इतक्यात नको. त्याने स्वतःवरच एक निरीक्षण नोंदवलं. मन हाताला सांगतं, हल, आणि हात हलतो. मन मनालाच सांगतं, ठरव, आणि ते ऐकत नाही. असं का? तर हुकूम देणारं मनच अर्धं असतं. पूर्ण असतं तर हुकूम द्यायची वेळच आली नसती, ते झालेलंच असतं.

मग अर्ध्या मनाने पूर्ण मन कसं आणायचं? इथे पंथापंथांत मतभेद आहेत. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या मते विश्वासणारा मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणे, चुका होत राहतील, पण पूर्ण मनाची प्रीती याच आयुष्यात मिळू शकते. दोघे एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत की हे मन माणूस स्वतः घडवत नाही, ते मिळतं. यहेज्केल संदेष्ट्याने पाषाणाचं काढून मांसाचं हृदय देण्याचं वचन लिहिलं, तिथे देणारा देव आहे. पौल थेस्सलनीकाकरांना आत्मा, जीव आणि शरीर सगळं अखंड राखलं जावो म्हणतो, तिथेही करणारा देवच.

म्हणून शंका असलेल्याला बाहेर उभं राहावं लागत नाही. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी टक्के वाढवून आण म्हटलं नाही, मुलाला बरं केलं. त्या बापाने दोन वजनं लपवली नव्हती, दोन्ही काट्यावर ठेवली.

शहाऐंशीव्या स्तोत्रात दावीदच्या नावे एक छोटी विनवणी आहे: तुझ्या नावाचे भय धरण्यास माझे चित्त एकाग्र कर. मूळ हिब्रूत ‘एक कर’ एवढंच आहे, म्हणजे तुकडे झालेत हे कबूल. मी ती भाचीला लिहून दिली, तिने ती जर्नलच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली.

दृढीकरणाच्या रविवारी तिने पांढऱ्या साडीत, पिना सांभाळत, मंडळीपुढे वचन म्हटलं. घाबरून ‘पूर्ण बुद्धीने’ गाळलं आणि थेट शक्तीवर गेली. तिची आई कपाळावर हात मारून घेत होती. मी तिच्या कानात म्हटलं, असू दे, मोशेच्या यादीतही ते नव्हतं.